लाइफ जॅकेट निवडताना: आकडा, माप आणि पाण्यातली परीक्षा

"मला पोहता येतं की" हे लाइफ जॅकेट न घालण्याचं सगळ्यात जुनं कारण आहे आणि सगळ्यात कच्चंही. पोहायचं तर शुद्धीवर असावं लागतं, हातपाय चालावे लागतात, श्वास ताब्यात असावा लागतो. होडी उलटताना डोक्याला काठ लागला किंवा गार पाण्यात पडल्या पडल्या छाती आवळून नाकातोंडात पाणी गेलं, की उत्तम पोहणाराही न पोहणाऱ्याच्या रांगेत येतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचे नौकाविहारातल्या अपघातांचे वार्षिक अहवाल वर्षानुवर्षं तेच सांगत आले आहेत: बुडून मेलेल्या दर पाच जणांपैकी चारांहून जास्त जणांच्या अंगावर जॅकेट नव्हतं.

म्हणून जॅकेट निवडताना रंग, खिसे, कंपनी हे सगळं नंतर. आधी एवढंच बघायचं, की माझ्या हातून काहीच होत नसेल तेव्हा हे माझं तोंड पाण्याबाहेर ठेवेल का? पुढच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहेत.

पहिली पायरी: पाणी कसलं आणि मदत किती लांब

दुकानात जायच्या किंवा ऑनलाइन शोधायच्या आधी चार गोष्टी ठरवून घ्या. पाणी बंदिस्त आहे की खुलं, म्हणजे तलाव, खाडी, की लाटांचा समुद्र? वाहतं आहे का? किती गार आहे? आणि पाण्यात पडलात तर तुमच्यापर्यंत कोणी किती वेळात पोहोचेल?

गारठ्याला लोक फारच हलकं घेतात. साधारण १५ अंश सेल्सिअसखालच्या पाण्यात अचानक पडलं, की पहिल्या मिनिटभरात श्वासावर ताबा राहत नाही. माणूस नकळत मोठा आ वासून श्वास घेतो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर तिथेच खेळ आटोपतो. यातून निभावलं तर पुढच्या दहा मिनिटांच्या आसपास हातापायांतली ताकद जाते, बोटांनी दोर धरवत नाही, पोहणं जमेनासं होतं. शरीराचं तापमान धोकादायक पातळीला उतरायला याहून बराच जास्त वेळ लागतो, मोठ्या माणसाला तर बऱ्याचदा अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त. म्हणजे गार पाण्यात माणसं बहुधा गारठून मरण्याच्या कितीतरी आधी बुडतात. जॅकेट आधीपासून अंगावर असेल तरच या पहिल्या मिनिटाला उपयोगी पडतं. पाण्यात पडल्यावर ते घालू म्हणणाऱ्याने एकदा उथळ पाण्यात तसा प्रयत्न करून बघावा. तरंगणारं जॅकेट पाण्यात अंगात चढवणं किती कठीण आहे ते लगेच कळेल.

दुसरी पायरी: लेबलवरचा आकडा वाचा

मोठ्या माणसाचं शरीर पाण्यात जवळजवळ तरंगतंच. डोकं वर ठेवायला बहुतेकांना साधारण ३ ते ५ किलोचा जादा आधार पुरतो. जॅकेटवर हा आधार न्यूटनमध्ये लिहितात. १० न्यूटन म्हणजे ढोबळमानाने १ किलो, म्हणजे ५० न्यूटनचं जॅकेट साधारण ५ किलोचा भार वर उचलून धरतं.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. वजनदार माणसाला जास्त न्यूटन आणि किडकिडीत माणसाला कमी, असा सरळ हिशोब नाही. चरबी तरते, स्नायू आणि हाडं बुडतात. सडपातळ, पिळदार माणूस लठ्ठ माणसापेक्षा पाण्यात लवकर खाली जातो. लठ्ठ माणसाची खरी अडचण असते ती छातीभोवती नीट बसणारं माप मिळण्याची.

आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १२४०२ मध्ये चार मुख्य पातळ्या आहेत: ५०, १००, १५० आणि २७५. हे आकडे मोठ्या माणसाच्या जॅकेटाचे आहेत. मुलांच्या जॅकेटावर तीच पातळी लिहिलेली असली तरी त्यातला प्रत्यक्ष आधार त्यांच्या वजनाच्या मानाने कमी ठेवलेला असतो, त्यामुळे ते पाहून दचकू नका.

५० हे खरं तर पोहणाऱ्याला दिलेलं साहाय्य आहे. ज्याला पोहता येतं, जो शुद्धीवर आहे आणि ज्याच्या हाकेच्या अंतरावर मदत आहे, त्याच्यासाठी. बेशुद्ध माणूस पालथा पडला तर हे त्याला उताणा करणार नाही. उत्तर अमेरिकेतल्या लेबलांवर ७० अशीही एक पातळी दिसते. तिचा उपयोगही याच जातीचा. १०० च्या जॅकेटाला बहुधा मानेमागे कॉलर असते आणि आश्रयाच्या, शांत पाण्यात ते माणसाला उताणं करू शकतं, मात्र जाड कपडे घातलेल्या माणसाच्या बाबतीत त्यावर विसंबू नये. खुल्या पाण्यासाठी, समुद्रासाठी १५०. बेशुद्ध माणसाला पलटवून तोंड वर आणण्याची अपेक्षा खऱ्या अर्थाने इथून सुरू होते. २७५ हे भर समुद्रात, जड कपडे किंवा अवजारं अंगावर बाळगून काम करणाऱ्यांसाठी.

जड कपड्यांना मोठं जॅकेट का लागतं? कपडे खाली ओढतात म्हणून, असं सगळे सांगतात. पण भिजलेल्या कापडाचं ओझं मुख्यतः पाण्याबाहेर येताना जाणवतं. पाण्यात असताना अडचण उलटीच असते. जाड पावसाळी पोशाखात हवा अडकते, ती पाठीकडे किंवा पायांकडे साठते आणि माणसाला पालथा ठेवते. त्या हवेशी झगडून शरीर फिरवायचं म्हणून जास्त न्यूटन.

मग सरळ २७५ च का घेऊ नये? कारण फुगल्यावर ते इतकं अवजड होतं की त्यात पोहणं, होडीवर परत चढणं किंवा शिडी धरणं मुश्किल होतं. कायाक म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी चालवणाऱ्याला १५० सुद्धा अडचणीचं ठरतं, आणि अडचण झाली की माणूस ते काढून बाजूला ठेवतो. पाण्यावर दिवसभर अंगावर राहणारं ५० हे बाकाखाली ठेवलेल्या १५० पेक्षा केव्हाही बरं. पण पोहता येत नसेल तर ही सवलत घेऊ नका. १०० च्या खाली उतरूच नका.

आकड्याबरोबर लेबलवर आणखी काय हवं? मानकाचा क्रमांक, मान्यता देणाऱ्या संस्थेचं चिन्ह, वजनाची किंवा छातीची मर्यादा, बनवल्याचं वर्ष किंवा तुकडीचा क्रमांक. काही नव्या लेबलांवर गोल फिरणाऱ्या बाणाचं चित्र असतं: हे जॅकेट माणसाला उताणं करतं की नाही ते त्यावरून कळतं. कोणत्या खेळासाठी चालणार नाही हेही काट मारलेल्या चित्रांनी दाखवलेलं असतं. यातलं काहीच नसेल, नुसतं "उत्तम दर्जा" असं छापलेलं असेल, तर ते जॅकेट कितीही जाडजूड दिसो, परत ठेवा. हवा भरून दंडाला घालायचे पट्टे, पोहायला शिकायच्या बंड्या, कमरेच्या रबरी ट्यूब ही सगळी खेळणी आहेत. त्यांच्यावरच बहुधा लिहिलेलं असतं की हे जीवरक्षक साधन नाही.

तिसरी पायरी: फोम की हवा

सुरुवातीची जॅकेटं बुचाची होती. ब्रिटनच्या बचावबोट संस्थेतल्या कॅप्टन वॉर्ड यांनी १८५४ मध्ये बुचाच्या तुकड्यांचं जॅकेट तयार केलं. ९ फेब्रुवारी १८६१ ला इंग्लंडमधल्या व्हिटबीला वादळात बचावबोट उलटली, १३ पैकी १२ जण गेले. एकटा हेन्री फ्रीमन वाचला आणि त्या नव्या पद्धतीचं जॅकेट घातलेला तोच एक होता. बुचानंतर कापोक, म्हणजे शाल्मलीच्या जातीच्या झाडाचा कापूस आला. तो दाबला गेला किंवा तेलकट झाला की तरायचा थांबे. आता बहुतेक ठिकाणी बंद पेशींचा फोम असतो, ज्यात पाणी शिरत नाही.

फोमचं जॅकेट काही करावं न लागता तरतं. ओढायला दोरी नाही, बदलायला गॅसची बाटली नाही, छोटंसं भोक पडलं तरी फरक पडत नाही. गार हवेत उबही देतं. पोहता न येणाऱ्याने, लहान मुलांनी आणि वरचेवर पाण्यात पडण्याच्या खेळात उतरणाऱ्याने फोमच घ्यावं. त्यात वाद नाही.

फुगणारं जॅकेट एरवी गळ्यात अडकवलेल्या पट्ट्याएवढंच असतं, उकाड्यात सुसह्य होतं आणि फुगलं की १५० किंवा त्याहून जास्त आधार देतं. शिडाच्या बोटीवर किंवा गळ टाकून बसणाऱ्यांना म्हणूनच ते आवडतं. पण हे यंत्र आहे, आणि यंत्राची निगा राखणाऱ्यानेच ते घ्यावं. १५० न्यूटनच्या मोठ्यांच्या जॅकेटात साधारण ३३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची बाटली असते, २७५ मध्ये ६० ग्रॅमची. ती फुटण्याच्या तीन तऱ्हा आहेत. नुसत्या हाताने चालणाऱ्यात दोरी ओढावी लागते. बेशुद्ध माणूस ती ओढणार नाही, हे उघड आहे. दुसऱ्यात पाण्यात विरघळणारी गोळी असते. ती विरघळली की स्प्रिंग सुटते आणि बाटलीला भोक पडतं. दमट कपाटात किंवा सतत उडणाऱ्या तुषारांत ही गोळी अवेळी विरघळून जॅकेट आपणहून फुगू शकतं. तिसऱ्या तऱ्हेत पाण्याच्या दाबावर झडप उघडते, साधारण १० सेंटिमीटर खोलीला. ही महाग, पण पाऊस आणि तुषारांना दाद देत नाही. स्वयंचलित जॅकेटालाही हाताची दोरी आणि तोंडाने फुगवायची नळी असतेच. दोन्ही कुठे आहेत ते डोळे मिटून हाताला सापडलं पाहिजे.

फुगणाऱ्या जॅकेटावर दुसरा कोट कधीच घालू नका. आत फुगलं तर छाती आवळली जाते, नाहीतर कोट फाटतो. आणखी एक: तोंडाने पूर्ण फुगवलेल्या जॅकेटात वरून गॅसही सोडला तर पिशवी फाटू शकते. बंद केबिन असलेल्या बोटीत स्वयंचलित जॅकेटाचा वेगळाच धोका असतो. पाणी आत शिरलं की ते फुगतं, माणूस छताला चिकटतो आणि बुडी मारून दाराबाहेर पडता येत नाही. विमानात बाहेर पडेपर्यंत जॅकेट फुगवू नका असं सांगतात ते याचसाठी.

चौथी पायरी: खेळ कोणता

कायाक किंवा कनूला आखूड अंगाचं, काखेत मोठी मोकळीक असलेलं जॅकेट हवं, नाहीतर वल्हं मारताना खांद्याखाली सालं निघतात. बसायच्या जागेला उंच पाठ असेल तर पाठीचा फोम वर सरकवलेली जॅकेटं मिळतात. साधं जॅकेट त्या पाठीवर टेकून कानांपर्यंत येतं.

रॅफ्टिंगचं पाणी फेसाळ असतं. फेसात हवा मिसळलेली, म्हणून त्याची घनता कमी आणि उचलून धरायची ताकदही कमी. शांत तलावात छान तरंगवणारं जॅकेट खळाळात माणसाला अर्धवट बुडवू शकतं. तिथे जास्त आधाराचं, घट्ट बांधता येणारं फोमचंच हवं, शक्यतो डोक्यामागे आधार असलेलं. बचावपथकाच्या जॅकेटांना पाठीवर दोर अडकवायची सोय असते. ती शिकलेल्यांसाठीच आहे. वाहत्या पाण्यात माणसाला दोराने बांधणं म्हणजे त्याला पाण्याखाली दाबून ठेवणं ठरू शकतं.

जेट स्की, वॉटर स्की, बोटीमागे ओढायची ट्यूब इथे वेगाने पाण्यावर आपटायचं असतं. नुसती झिप असलेलं जॅकेट त्या धडकेत उघडतं. किमान तीन-चार आडवे रुंद पट्टे असलेलं, अंगाला चिकटून बसणारं फोमचं जॅकेट घ्या. फुगणारं इथे नको. 'इम्पॅक्ट व्हेस्ट' नावाने मिळणाऱ्या बंड्या बरगड्यांना मार बसू नये म्हणून असतात, त्यातल्या बऱ्याच जणी माणसाला तरंगवण्यासाठी मान्यताप्राप्त नसतात. लेबल बघितल्याशिवाय ती जॅकेट समजून घेऊ नका.

उभं राहून वल्हवायच्या फळीवर, म्हणजे पॅडलबोर्डवर, काही जण कमरेचा फुगणारा पट्टा बांधतात. शांत, गरम पाण्यात आणि पट्टीच्या पोहणाऱ्याला ठीक. पण फुगवल्यावर तो डोक्यातून घालायचा असतो, म्हणजे दोन्ही हात आणि शुद्ध हवी. मला तो फारसा पटत नाही.

शिडाच्या बोटीवर रात्री किंवा भर समुद्रात जाणाऱ्यांनी सुरक्षादोर अडकवायची कडी असलेलं १५० घ्यावं. मासेमारीवाल्यांना खिसे लागतात. खिशांत जड वजनं मात्र ठेवू नयेत. प्रवासी बोटीत अर्धा तास फेरफटका मारणाऱ्याला यातलं काहीच ठरवायचं नसतं. त्याला जे मिळेल ते तपासून घालायचं असतं, त्याबद्दल पुढे.

पाचवी पायरी: अंगावर बसवून बघा

लेबलवरचा आकडा खरा ठरतो तो जॅकेट जागेवर राहिलं तरच. सैल जॅकेट पाण्यात वर जातं आणि माणूस त्यातून खाली लोंबतो. मग खांदे कानाशी, हनुवटी फोमच्या आत आणि तोंड पाण्यात. जॅकेट बिचारं वर छान तरंगत असतं.

फोमचं जॅकेट मोठ्यांनी छातीच्या घेराने घ्यायचं, पोटाच्या नाही. ज्या कपड्यांवर ते घालणार तेच कपडे घालून मापाला बसा. सगळे पट्टे आधी सैल करा, जॅकेट घाला, झिप लावा. मग कमरेजवळच्या पट्ट्यापासून सुरुवात करून वर वर आवळत जा, खांद्याचे पट्टे शेवटी. उलट्या क्रमाने आवळलं तर जॅकेट आधीच वर ओढलेलं राहतं. आवळून झाल्यावर पट्ट्याखाली दोन बोटं कशीबशी जावीत आणि खोल श्वास घेता यावा.

आता दोन्ही हात सरळ वर करा आणि दुसऱ्या कोणाला तरी खांद्याच्या पट्ट्यांना धरून जॅकेट वर खेचायला सांगा. ते नाकापर्यंत आलं, हनुवटी आत गेली, तर माप मोठं आहे किंवा पट्टे अजून सैल आहेत. पुन्हा आवळूनही वर येत असेल तर लहान माप घ्या. "जरा मोठं घेऊ, सगळ्यांना चालेल" हा हिशोब इथे चालत नाही.

पुढे खाली बसा, वाका, वल्हं मारल्यासारखे हात फिरवा. काखेत काचतंय का, गळ्याला घासतंय का, बसल्यावर खालची कड मांडीवर टेकून जॅकेट वर ढकललं जातंय का, हे दहा मिनिटांत कळतं. बायकांनी शक्य असेल तर छातीसाठी वेगळी घडण असलेलं जॅकेट घालून बघावं. सपाट पुढच्या फोमचं जॅकेट बऱ्याचदा नीट आवळलंच जात नाही आणि मग वर सरकतं.

फुगणाऱ्या जॅकेटाला दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा असेल तर तो लावाच. अडनिडा वाटतो, म्हणून बहुतेक जण तो घडी करून ठेवतात. पण फुगल्यावर ते जॅकेट डोक्यावरून निसटण्यापासून थांबवतो तोच. पट्टा स्वतंत्र विकत मिळत असेल तर घेऊन ठेवा.

रंग आता बघा. निळं किंवा काळं जॅकेट पाण्यात दिसेनासं होतं, फोटोत कितीही खुलो. नारिंगी, पिवळं किंवा पोपटी-पिवळं घ्या. अंधारात विजेरीच्या झोतात चमकणाऱ्या पट्ट्या खांद्यावर हव्यात, कारण पाण्याबाहेर तेवढाच भाग राहतो. शिट्टी दोरीने बांधलेली असावी. ओरडून घसा मिनिटांत बसतो, शिट्टीचा आवाज खूप लांब जातो. सूर्यास्तानंतर पाण्यावर राहणार असाल तर पाण्यात पडल्यावर पेटणारा दिवाही लावून घ्या.

सहावी पायरी: पाण्यात परीक्षा

कंबरेएवढ्या, सुरक्षित पाण्यात, कोणीतरी सोबत असताना जॅकेट घालून उतरा. पाय उचला, डोकं मागे टाका, अंग सैल सोडा. हात न हलवता हनुवटी पाण्याच्या वर राहिली पाहिजे आणि श्वास सहज घेता आला पाहिजे. मग पालथे व्हा आणि पुन्हा सैल पडा. १५० चं जॅकेट तुम्हाला फिरवतं का ते बघा. ५० चं फिरवणार नाही. ते स्वतः अनुभवलेलं बरं, म्हणजे त्या आकड्याची मर्यादा लक्षात राहते. पाठीवर पडून पाय मारत थोडं अंतर कापा, होडीच्या काठावर किंवा शिडीवर चढायचा प्रयत्न करा. फुगणारं असेल तर एकदा खरोखर फुगवून बघा. बाटली आणि गोळीचा संच नवा घ्यावा लागेल, पण फुगलेल्या जॅकेटात आपल्याला काय दिसतं आणि हात कुठवर पोहोचतात, हे दुसऱ्या कुठल्या मार्गाने कळत नाही.

उंचावरून पाण्यात उडी मारावी लागली तर हात छातीवर आडवे घेऊन फोमचं जॅकेट खाली दाबून धरा. नाहीतर पाण्याच्या धक्क्याने ते वर उसळून हनुवटीवर आदळतं.

जुन्या फोमच्या जॅकेटाचा दम घरीही तपासता येतो. लोखंडाचं पाण्यातलं वजन त्याच्या हवेतल्या वजनाच्या साधारण ८७ टक्के भरतं, म्हणून ५० न्यूटनच्या मोठ्यांच्या जॅकेटाने सुमारे ५.८ किलो लोखंड पेलायला हवं. जॅकेट रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, दाबून आतली हवा काढा आणि मग पिंपात साडेपाच किलोची वजनं त्याला बांधा. ते तळाशी गेलं, तर लेबलवरचा आकडा आता खरा राहिलेला नाही. १०० च्या जॅकेटाला ११ किलो लावा. या परीक्षेत पास झालं म्हणजे सगळं ठीक असं नव्हे, पण नापास झालेलं मात्र नक्की बाद.

मुलांसाठी निराळे नियम

मुलांचं जॅकेट किलोच्या गटानुसार मिळतं. मुलाचं आजचं वजन करून घ्या, अंदाजाने नको. दोन वर्षं चालेल म्हणून मोठं घेतलेलं जॅकेट ही दोन वर्षं मुलाला सुरक्षित ठेवत नाही. लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि जड असतं, त्यामुळे ती पाण्यात सहज पालथी होतात. मानेमागे मोठी कॉलर असलेलं, पायांमधून पट्टा जाणारं आणि कॉलरवर धरून उचलायला मूठ असलेलं जॅकेट हवं. मूठ ओढून बघा, शिवण पक्की आहे ना.

परीक्षा मोठ्यांसारखीच: मुलाला हात वर करायला सांगा आणि खांद्यांना धरून जॅकेट उचला. हनुवटी आणि कान आत जात असतील तर ते मोठं आहे. मग पाण्यात न्या, पण खेळ म्हणून. पहिल्यांदा उताणं तरंगताना मुलं घाबरतात, पाय झाडतात, वर चढायला बघतात आणि त्यात जॅकेट तिरकं होतं. दोन-तीनदा सवय झाली की पडल्यावर उताणं व्हायचं त्यांना आपोआप सुचतं. मुलांना फुगणारं जॅकेट देऊ नका, आणि जॅकेट घातलेल्या मुलाला बोटीला कधीही बांधू नका. बोट उलटली तर ते तिच्यासोबत खाली जाईल. तान्ह्या बाळाच्या बाबतीत मी तरी म्हणेन की बोटीत नेऊच नका; त्यांच्यासाठी जॅकेटं मिळतात, पण नीट बसणारं क्वचितच.

भाड्याचं किंवा बोटीवरचं जॅकेट

इथे निवड आपली नसते, तरी नकार आपला असतो. हातात आल्यावर आधी लेबल शोधा. उन्हाने पुसलेलं असेल तर तेच त्याच्या वयाचं प्रमाणपत्र. कापड दोन्ही मुठीत धरून ताणा: उन्हाने विरलेलं कापड चरचरतं, फाटतं. फोम दाबा. तो दबून परत वर यायला हवा. कडक, चुरा होणारा किंवा गोळा होऊन एका बाजूला गेलेला फोम कामाचा नाही. जॅकेट कोरडं असूनही जड वाटतंय का? मग आत पाणी साठलं आहे. प्रत्येक बक्कल लावा आणि झटका देऊन ओढा. एक बक्कल तुटलं म्हणून दोरीने गाठ मारून दिलेलं जॅकेट परत करा, दुसरं मागा.

सगळ्यांना एकाच मापाचं दिलं जात असेल तर बारीक अंगाच्यांनी पट्टे पुरते आवळले जातात का ते बघावं. नाही आवळले, तर ते जॅकेट नसल्यातच जमा. बोट सुटल्यावर पुढचं बक्कल उकाड्यामुळे काढून नुसतं खांद्यावर अडकवून बसणारे पुष्कळ दिसतात. उलटल्यावर ते जॅकेट आधी जाईल, माणूस मागे राहील. गळ्यातली पिशवी किंवा कॅमेऱ्याचा पट्टा जॅकेटाच्या खाली अडकलेला नसावा, वर असावा, म्हणजे काढून टाकता येतो.

निगा आणि निरोप

खारट किंवा क्लोरीनच्या पाण्यानंतर गोड्या पाण्याने धुवा, सावलीत टांगून पूर्ण वाळवा. वॉशिंग मशीन, ब्लीच, हीटर, कडक ऊन वर्ज्य. जॅकेटाची उशी किंवा बसायची गादी करू नका. सतत दबलेला फोम पुन्हा फुलत नाही. डिझेल आणि तेलाच्या डब्याशेजारी ठेवू नका. स्वतःच्या हाताने कापून, शिवून, फोम कमी-जास्त करून माप बसवू नका.

फुगणाऱ्या जॅकेटाची दर महिन्याला उघडून पाहणी करा. बाटली हाताने पूर्ण आवळलेली आहे ना, तोंडाला भोक पडलेलं नाही ना, गंज नाही ना. बाटलीवर तिचं किमान वजन छापलेलं असतं. घरच्या काट्यावर ठेवून ताडून बघा, कमी भरली तर बदला. गोळी किंवा झडपेच्या संचावरची तारीख उलटली असेल तर वाट बघू नका. वर्षातून एकदा, शक्यतो हातपंपाने, फुगवून २४ तास ठेवा. दुसऱ्या दिवशी मऊ पडलं तर कुठेतरी गळती आहे. वर्षाकाठी एकदा जाणकाराकडून तपासणी झालेली बरी. बरेच उत्पादक फुगणाऱ्या जॅकेटाचं आयुष्य साधारण दहा वर्षं धरतात, जास्त वापर असेल तर कमी.

आणि जॅकेट बाद झालं की ते कचऱ्याच्या डब्याशेजारी अख्खं ठेवू नका. कोणीतरी उचलेल, धुऊन मुलाच्या अंगात घालेल. पट्टे कापा, फोम बाहेर काढा, पिशवीला मोठं भोक पाडा, गॅसची बाटली वेगळी करा, आणि मग फेका.